मुलांसाठी सुरक्षित ॲप कोणतं? आधी खात्यावरचं जन्मसाल बघा

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट, टिकटॉक, यूट्यूब, एक्स अशा ठिकाणी खातं ठेवायला बंदी केली. नियम मोडला तर दंड मुलाला किंवा आईबापाला नाही, कंपनीला. तोही ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. पाठोपाठ गोव्यातही असा विचार बोलून दाखवला गेला, आणि पालकांच्या ग्रुपवर जुना प्रश्न नव्याने फिरू लागला: मग मुलांसाठी त्यातल्या त्यात सुरक्षित ॲप कोणतं? (हा प्रश्न व्हॉट्सॲपवरच विचारला जातो, ही गंमत वेगळी.)

प्रश्न साधा वाटतो, पण 'कोणापासून सुरक्षित?' हे शेपूट जोडल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही. अनोळखी माणसापासून? वर्गातल्याच एखाद्यापासून? ॲप चालवणाऱ्या कंपनीपासून? की परीक्षेच्या फॉर्मवर भरलेली माहिती ज्यांच्या हाती लागली त्यांच्यापासून? एकच ॲप यातल्या एका बाबतीत उत्तम आणि दुसऱ्या बाबतीत अगदीच ढिलं असू शकतं.

ग्रामीण शिक्षणाची स्थिती तपासणाऱ्या 'असर' २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांना फोनबद्दल विचारलं होतं. आधीच्या आठवड्यात फोन अभ्यासासाठी वापरला असं सांगणारी ५७ टक्के, सोशल मीडियासाठी वापरला असं सांगणारी ७६ टक्के. सोशल मीडिया वापरणाऱ्यांपैकी एखाद्याला ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं हे ६२ टक्क्यांना माहीत होतं आणि प्रोफाइल प्रायव्हेट कसं करायचं हे ५५ टक्क्यांना. जवळपास निम्म्या मुलांना ते बटण कुठे असतं हेच ठाऊक नाही. अर्थात हाच प्रश्न त्यांच्या पालकांना विचारला असता तर काय आकडा आला असता, याची मला जास्त उत्सुकता आहे.

सुरक्षितता वेगळी, गोपनीयता वेगळी

आपण हे दोन शब्द एका दमात बोलतो, पण या दोन गोष्टी पुष्कळदा एकमेकींच्या आड येतात. एखादी गृहनिर्माण सोसायटी डोळ्यांसमोर आणा. फ्लॅटच्या भिंती किती जाड आहेत, आतलं बोलणं बाहेर ऐकू जातं का, हा गोपनीयतेचा प्रश्न. गेटवर वॉचमन आहे का, कोणीही जिना चढून बेल वाजवू शकतो का, हा सुरक्षिततेचा. भिंती जाड आणि गेट सताड उघडं अशी सोसायटी असू शकते. वॉचमन कडक, पण सेक्रेटरी प्रत्येकाच्या दाराला कान लावून बसलेला, अशीही असू शकते. शिवाय भिंती फार जाड असल्या तर आत कोणी मुलाला धमकावत असेल, तरी तेही बाहेर ऐकू येत नाही.

विद्यार्थी ज्या ॲपवर असतात त्यांची तुलना या दोन मापांनी केली की पुष्कळसा गोंधळ मिटतो.

व्हॉट्सॲप: भिंती जाड, गेट उघडं

व्हॉट्सॲपने २०१६ पासून सगळ्या संदेशांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन लावलं. याचा अर्थ असा, की संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवर त्याचं न वाचता येणारं रूप होतं आणि ते फक्त घेणाऱ्याच्या फोनवर उलगडतं. मधे कंपनीलाही ते वाचता येत नाही. फोटो, कॉल, ग्रुपवरचं बोलणं, सगळ्याला हे लागू आहे.

पण गेटवरची वही कंपनीकडेच असते. कोणाचा नंबर कोणता, कोण कोणाशी कधी बोललं, कोण कोणत्या ग्रुपात आहे, ही बोलण्याभोवतीची माहिती. हिला मेटाडेटा म्हणतात. ती किती असावी यात ॲपॲपमध्ये फरक पडतो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायालयीन आदेशानुसार सिग्नल या ॲपकडे एका खात्याची माहिती मागितली गेली, तेव्हा त्यांच्यापाशी देण्याजोग्या दोनच गोष्टी निघाल्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. व्हॉट्सॲपची वही याहून बरीच जाड आहे. २०२१ साली व्हॉट्सॲपने आपलं धोरण बदलून ही माहिती मेटाच्या (व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, फेसबुक यांची मालक कंपनी) इतर कंपन्यांना देण्याला वापरणाऱ्यांची संमती जवळपास सक्तीने घेतली. त्यावरून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड ठोठावला आणि तो वाद पुढे अपिलात गेला.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने मात्र मोठी अडचण गेटची आहे. ज्याच्याकडे नंबर आहे तो थेट संदेश टाकू शकतो. वर्गाचा ग्रुप, क्लासचा ग्रुप, सायन्स प्रदर्शनाचा ग्रुप, सहलीचा ग्रुप. प्रत्येक ठिकाणी मुलीचा नंबर साठ-सत्तर जणांना, त्यांच्या घरच्यांना आणि फोन हातात येईल त्या प्रत्येकाला दिसतो. हे कुठलंही एन्क्रिप्शन थांबवत नाही. म्हणून व्हॉट्सॲपवर दोन सेटिंग्ज आधी बदलायच्या. 'ग्रुपमध्ये मला कोण टाकू शकतं' हे 'सगळे' वरून 'माझे कॉन्टॅक्ट्स' वर आणायचं. प्रोफाइल फोटो आणि लास्ट सीन यांचंही तेच.

आणखी दोन बारकावे. चॅटचा बॅकअप गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर जातो तेव्हा त्याला तीच जाड भिंत आपोआप मिळत नाही; बॅकअपचं एन्क्रिप्शन सेटिंगमध्ये जाऊन वेगळं चालू करावं लागतं. दुसरं, एखाद्याला रिपोर्ट केलं की त्याने तुम्हाला पाठवलेले शेवटचे पाच संदेश व्हॉट्सॲपकडे जातात. कंपनीला आतलं दिसण्याची ही वाट आपणच उघडतो, म्हणून नुसतं ब्लॉक करण्यापेक्षा रिपोर्ट करून ब्लॉक करणं चांगलं.

इन्स्टाग्राम: वॉचमन आला, पण सेक्रेटरी सगळं टिपतो

इथे चित्र बरोबर उलटं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये इन्स्टाग्रामने 'टीन अकाउंट' आणलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते भारतात सुरू झालं. १८ वर्षांखालच्या मुलाचं खातं आपोआप प्रायव्हेट राहतं. ज्यांना तो फॉलो करतो किंवा ज्यांच्याशी आधीच जोडलेला आहे तेच त्याला संदेश पाठवू शकतात. रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन बंद राहतात आणि दिवसातला तासभर झाला की ॲप आठवण करतं. सोळा वर्षांखालच्या मुलाला यातलं काही सैल करायचं असेल तर पालकाची परवानगी लागते. अनोळखी माणसाला थोपवण्याच्या बाबतीत, कागदावर तरी, व्हॉट्सॲपपेक्षा ही सोय पुढची आहे.

गोपनीयता? तुम्ही कोणत्या रीलवर किती सेकंद थांबलात, काय दोनदा पाहिलं, काय अर्ध्यात सोडलं, हे टिपणं हाच तर त्यांचा धंदा. पुढचं रील आणि पुढची जाहिरात त्यावरच ठरते.

आणि एक पळवाट मुलं स्वतःच उघडतात. रीलला किती लोकांनी पाहिलं, कुठून पाहिलं, हे आकडे बघायला मिळावेत म्हणून खातं 'प्रोफेशनल' करून घेतात. प्रोफेशनल खातं प्रायव्हेट ठेवता येत नाही. युरोपात हेच झालं होतं. १३ ते १७ वयाच्या मुलांनी बिझनेस खाती (प्रोफेशनल खात्याचाच एक प्रकार) उघडली आणि त्यांचे फोन नंबर, ईमेल उघड झाले. आयर्लंडच्या माहिती संरक्षण आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये इन्स्टाग्रामला ४० कोटी ५० लाख युरोंचा दंड केला, त्यात हा मुद्दा होता. आपल्याकडे नववीतला मुलगा बायोमध्ये 'डिजिटल क्रिएटर' लिहितो तेव्हा घरचे कौतुकाने हसतात. त्या दोन शब्दांमागे काय बदललं, हे एकदा उघडून बघावं.

प्रायव्हेट खात्याचंही फार कौतुक नको. फॉलोअर नऊशे असतील तर तिथे टाकलेला फोटो नऊशे जणांकडे गेला. त्यातले किती जण त्या मुलाला रस्त्यात ओळखतील?

या सगळ्यावर पाणी ओतणारी गोष्ट

वर सांगितलेला वॉचमन मुलाला ओळखतो कसा? खातं उघडताना भरलेल्या जन्मतारखेवरून. आता आठवून बघा, तुमच्या घरातल्या मुलाने खातं कधी उघडलं. लॉकडाउनमध्ये, दहा-अकरा वर्षांचा असताना? या ॲपची किमान वयोमर्यादा १३ आहे. खरं जन्मसाल टाकलं तर खातं उघडतच नाही, मग मुलं वर्षांचं चाक भरभर फिरवतात आणि २००० किंवा १९९८ वर सोडून देतात. तो मुलगा आज पंधरा वर्षांचा आहे, पण इन्स्टाग्रामच्या लेखी पंचविशी गाठलेला पुरुष आहे. त्याचं खातं प्रायव्हेट नाही, संदेशांवर बंधन नाही, रात्रीची शांतता नाही, आणि जाहिरातीही मोठ्या माणसाच्या.

दुसरा प्रकार त्याहून सर्रास आहे. घरात फोन एकच, आईच्या नावावरचा. मुलगी आईच्याच खात्यावरून सगळं बघते. मग कंपनीच्या हिशोबात तिथे मूल नाहीच, चाळीस वर्षांची बाई आहे.

कंपन्या यावर चेहऱ्यावरून किंवा वागण्यावरून वयाचा अंदाज बांधायचे उपाय करू लागल्या आहेत, पण अंदाज तो अंदाजच. म्हणून माझ्या मते कोणतं ॲप चांगलं यावर वाद घालण्याआधी करायचं काम हे, की खात्यावरचं जन्मसाल बघायचं आणि ते खरं करायचं. इन्स्टाग्रामवर ते अकाउंट्स सेंटरमधल्या वैयक्तिक माहितीत असतं. मूल अजून तेरा वर्षांचं झालं नसेल तर खरी तारीख टाकल्यावर खातं बंद होईल. ते व्हायलाच हवं, पण त्याला आधी सांगून करा. नाहीतर दुसरं खातं कुठे उघडलं गेलं ते तुम्हाला कळणारही नाही.

स्नॅपचॅट: 'गायब होतं' म्हणजे काय होतं?

स्नॅपचॅटची जादू अशी, की पाहून झालं की फोटो नाहीसा होतो. मुलांना वाटतं इथे काही उरतच नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये या दाव्यालाच हात घातला होता. फोटो कायमचे नाहीसे होतात हे सांगणं दिशाभूल करणारं आहे, ते जपून ठेवायच्या सोप्या वाटा आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं आणि कंपनीला तडजोड करावी लागली. स्क्रीनशॉट घेतला तर ॲप पाठवणाऱ्याला कळवतं, पण शेजारी दुसरा फोन धरून काढलेल्या फोटोची खबर कोण देणार?

नकाशा हा दुसरा धोका. स्नॅप मॅपवर मित्रांना तुमची जागा दिसते. ती दाखवणं स्वतःहून चालू करावं लागतं, पण एकदा चालू केलं की ॲप उघडाल तिथली जागा जात राहते. मुलगी रोज साडेसहाला क्लास सुटल्यावर कुठल्या कोपऱ्यावर उभी असते, हे दीडशे 'मित्रां'ना सांगायची गरज नाही. 'घोस्ट मोड' लावला की ती दिसेनाशी होते. बाकी मुलाच्या दृष्टीने स्नॅपचॅट इन्स्टाग्रामपेक्षा फार वाईट आहे असं मला वाटत नाही. आधीपासून ओळख असलेल्या लहान टोळक्यात बोलायला ते बरंही आहे. फक्त 'पुसलं जातं' यावर विसंबून कोणी काही पाठवू नये.

टेलिग्राम: अभ्यासाचा बाजार

स्पर्धा परीक्षा, नीट, जेईई, सीईटी यांची तयारी करणारा विद्यार्थी टेलिग्रामवर नाही असं सहसा होत नाही. नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका, चालू घडामोडींच्या पीडीएफ, सगळं फुकट. मोठी फाइल सहज जाते, एका ग्रुपात दोन लाख लोक मावतात, चॅनल पाहणाऱ्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपपेक्षा इथे नंबर झाकलेला राहतो, हे मान्य करायला हवं.

पण टेलिग्राम म्हणजे फार गुप्त ॲप हा समज चुकीचा आहे. नेहमीच्या चॅटला, ग्रुपला, चॅनलला इथे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नसतं. ते फक्त दोघांमधल्या 'सीक्रेट चॅट'ला असतं आणि ते मुद्दाम सुरू करावं लागतं. बाकी सगळं कंपनीच्या सर्व्हरवर. ऑगस्ट २०२४ मध्ये ॲपचे संस्थापक पावेल दुरोव यांना फ्रान्समध्ये अटक झाली. पुढच्याच महिन्यात कंपनीने जाहीर केलं, की कायदेशीर मागणी आली तर गुन्हेगाराचा फोन नंबर आणि आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) तपास यंत्रणांना देऊ.

म्हणजे भिंती मध्यम, आणि गेट? गेट नाहीच. नीट २०२५ च्या आधी राष्ट्रीय परीक्षा संस्थेने पेपर फुटल्याच्या अफवा पसरवणारे टेलिग्रामवरचे १०६ आणि इन्स्टाग्रामवरचे १६ चॅनल शोधून काढले होते. 'पेपर मिळेल, आधी इतके भरा' म्हणणाऱ्याला पैसे देणारा विद्यार्थी दोनदा अडकतो. पैसे जातात, आणि तक्रार करायला गेलं तर आपणच पेपर विकत घ्यायला निघालो होतो हे सांगावं लागतं. फसवणाऱ्याचा सगळा भरवसा त्या लाजेवर असतो.

महाराष्ट्राला याची आणखी एक बाजू ठाऊक आहे. एप्रिल २०२३ मध्ये एमपीएससीच्या गट ब आणि गट क संयुक्त पूर्वपरीक्षेआधी ९४ हजारांहून अधिक उमेदवारांची हॉल तिकिटं एका टेलिग्राम चॅनलवर टाकली गेली. त्या उमेदवारांनी आपल्या फोनची सगळी सेटिंग्ज आदर्श ठेवली असती तरी काही फरक पडला नसता. माहिती त्यांच्याकडून फुटलीच नव्हती.

क्रम लावायचाच तर

लोक शेवटी क्रम मागतातच. माझा असा: १३ ते १५ वयाच्या मुलासाठी, खऱ्या जन्मतारखेचं आणि पालकांच्या देखरेखीशी जोडलेलं इन्स्टाग्राम खातं अनोळखी लोकांपासून सर्वांत बरं. घरच्यांशी आणि खऱ्या मैत्रिणींशी बोलायला व्हॉट्सॲप, ग्रुपचं सेटिंग बदलून. स्नॅपचॅट, नकाशा बंद ठेवून. टेलिग्राम फक्त वाचायला. तिथून कोणी खासगी संदेश पाठवला तर उत्तरच द्यायचं नाही. डिस्कॉर्डवर गेम खेळणारी मुलं असतात, तिथे एकाच 'सर्व्हर'वरचा, म्हणजे ग्रुपातला, कोणीही थेट संदेश पाठवू शकतो. ते सेटिंग बंद करता येतं, करावं. कॉलेजातल्या मुलांसाठी हा क्रम बदलेल, कारण त्यांना अनोळखी माणसापेक्षा ॲपची कंपनी आणि पुढे नोकरी देणारे यांची काळजी जास्त असायला हवी.

'पण आमच्याकडे लपवण्यासारखं आहे काय?'

हा आक्षेप हमखास येतो. याचं उत्तर केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचाराचं काम करणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात आहे. फेसबुकवरच्या एका प्रश्नमंजुषेच्या ॲपमधून जगभरातल्या सुमारे ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेल्याचं २०१८ मध्ये उघड झालं. फेसबुकच्या म्हणण्यानुसार भारतात ते ॲप घेतलेले लोक होते ३३५. आणि माहिती गेली असण्याची शक्यता असलेले भारतीय? ५ लाख ६२ हजार. कारण ते ॲप घेणाऱ्याबरोबर त्याच्या मित्रयादीचीही माहिती उचलत होतं. तुमच्याकडे लपवण्यासारखं काही नसेलही. तुमच्या फोनमधल्या चारशे नंबरांच्या वतीने ते तुम्ही ठरवू शकत नाही. नवं ॲप 'कॉन्टॅक्ट्स' मागतं तेव्हा हाच प्रश्न विचारत असतं.

'मग आधार बघूनच खातं द्या ना!'

ऐकायला बरोबर वाटतं. पण ओळखपत्र मागितलं की ते कुठेतरी साठतं. डिस्कॉर्डने ऑक्टोबर २०२५ मध्ये कळवलं, की त्यांच्या ग्राहकसेवेचं काम पाहणाऱ्या एका बाहेरच्या कंपनीत घुसखोरी झाली आणि सुमारे ७० हजार जणांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो उघड झाले असावेत. वयासंबंधीच्या तक्रारींसाठी लोकांनी ते दिले होते. मुलांना वाचवण्यासाठी गोळा केलेले कागदच चोरीला गेले.

आपल्या कायद्याने मधली वाट काढायचा प्रयत्न केलाय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल मानला आहे. त्याची माहिती वापरायची तर पालकाची पडताळता येईल अशी संमती लागेल. मुलाच्या वागण्याचा माग काढणं आणि त्यावरून त्याला हेरून जाहिराती दाखवणं यावर बंदी आहे, आणि मुलांबाबतच्या या तरतुदी मोडल्या तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायची आहेत. पालकाची ओळख पटवायला डिजिलॉकरसारख्या सेवेतून टोकन (ओळख पटल्याची डिजिटल खूण) देण्याची सोय नियमांत आहे, म्हणजे प्रत्येक ॲपच्या हाती आधारची प्रत द्यायला नको.

मला यात एक गोष्ट खटकते. सतरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा एकाच खणात टाकलेत. घरातच त्रास होणाऱ्या मुलीला मदत शोधायला बाहेरच्या जगाची गरज असते, आणि तिथे जायला घरच्यांचीच संमती लागणार.

'सरळ मुलाचा फोनच तपासतो'

तेरा वर्षांच्या मुलाचा फोन त्याच्यासमोर, त्याला सांगून बघणं आणि सतरा वर्षांच्या मुलाच्या फोनमध्ये गुपचूप हेरगिरीचं ॲप टाकणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात मुलाचे सगळे संदेश तुम्ही तिसऱ्याच एका कंपनीच्या हवाली करता, जिचं नावही तुम्ही कालपर्यंत ऐकलं नव्हतं. इन्स्टाग्रामची पालक-देखरेख आणि स्नॅपचॅटचं 'फॅमिली सेंटर' यांत मुलाने गेल्या सात दिवसांत कोणाशी बोलणं केलं हे दिसतं, काय बोललं ते दिसत नाही. हे मोजमाप मला पटतं. नवं नाव दिसलं तर 'हा कोण रे?' एवढं विचारायला ते पुरतं.

गडबड झालीच तर

सर्वांत जास्त घाबरवणारा प्रकार ठरलेला असतो. अनोळखी खात्याशी ओळख होते, नग्न फोटो किंवा तसा व्हिडिओ कॉल मागितला जातो, आणि मग 'पैसे दे, नाहीतर तुझ्या सगळ्या फॉलोअरना पाठवतो'. मुलगेही यात मोठ्या संख्येने सापडतात आणि ते घरी सांगत नाहीत.

पैसे द्यायचे नाहीत. दिले की मागणी वाढते. घाबरून खातं डिलीट करायचं नाही, पुरावा जातो. धमकीचे, त्या खात्याच्या नावाचे, पैसे मागितलेल्या यूपीआय आयडीचे स्क्रीनशॉट घ्यायचे. तो फोटो मात्र 'पुरावा' म्हणून काकांना, मामांना पाठवत बसायचं नाही. अल्पवयीन मुलाचा तसा फोटो पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे. नंतर रिपोर्ट करायचं, ब्लॉक करायचं. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करायचा, कारण रक्कम पुढे सरकण्याआधी खातं गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांसंबंधीची तक्रार नाव न देताही नोंदवता येते.

'टेक इट डाउन' नावाची एक मोफत सेवा फारशी कोणाला माहीत नाही. १८ वर्षांखाली असताना काढलेल्या नग्न फोटोसाठी ती आहे. फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्या फोटोवरून एक लांबलचक आकडा तयार होतो, तेवढाच इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट अशा सहभागी कंपन्यांकडे जातो आणि तोच फोटो कोणी टाकला तर तो ओळखून काढून टाकता येतो. एन्क्रिप्शन असलेल्या चॅटमध्ये याचा उपयोग नाही, कारण तिथे कंपनीला फोटो दिसतच नाही. जाड भिंतींचा तोटा तो हा.

आणि शाळा-क्लासचं काय?

पालकांना आणि मुलांना इतके धडे द्यायचे, तर त्यांची माहिती सर्वांत जास्त उघडी टाकणाऱ्यांना मोकळं का सोडायचं? निकालाच्या दुसऱ्या दिवशी क्लासच्या इन्स्टाग्राम पानावर मुलांचे फोटो, पूर्ण नाव, शाळा, गाव आणि टक्के झळकतात. गॅदरिंगचे व्हिडिओ शाळेच्या उघड्या यूट्यूब चॅनलवर जातात, गणवेशावरच्या नावाच्या पट्टीसकट. वर्गाच्या ग्रुपवर 'आधारचा फोटो इथेच टाका' असा संदेश येतो आणि चाळीस आधार कार्डं सगळ्यांच्या गॅलरीत जाऊन बसतात. मुलाचं खातं टीन अकाउंट असो वा नसो, इथे त्याला काही अर्थ उरत नाही.

यातलं बरंच काही आजच थांबवता येतं. ग्रुप फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा ठेवणं, कागदपत्रं ग्रुपवर न मागता थेट कार्यालयात घेणं, फोटोखाली पूर्ण नाव न टाकणं, याला पैसेही लागत नाहीत. नवा कायदा लागू झाला की क्लास आणि शाळा यांनाही संमतीचे नियम पाळावे लागतील, त्यांच्यासाठी ठेवलेल्या काही सवलती सोडून. तोवर या जूनमध्ये क्लासचा प्रवेश अर्ज भरताना शेवटच्या पानावरचा बारीक मजकूर वाचा. 'पाल्याचा फोटो व गुण प्रसिद्धीसाठी वापरण्यास माझी संमती आहे' अशी ओळ असेल तर ती खोडून सही करा आणि काउंटरवरचे काय म्हणतात ते बघा.